छाऊचे तीन आखाडे

छोटा नागपूरच्या पठाराचा पूर्व उतार आज झारखंड, पश्चिम बंगाल आणि ओडिशा या तीन राज्यांत विभागला गेला आहे. या पट्ट्यातील सराईकेला, पुरुलिया आणि मयूरभंज या तीन प्रदेशांत ‘छाऊ’ या एकाच नावाची, पण पाहताक्षणी परस्परांहून भिन्न वाटणारी तीन नृत्ये नांदतात. सराईकेल्यात नर्तकाचा चेहरा फिकट रंगाच्या, जवळजवळ निर्विकार मुखवट्यामागे लपलेला असतो. पुरुलियात मुखवट्यावर मणी, जर आणि पिसे यांचे प्रचंड शिरोभूषण चढते. आणि मयूरभंजात मुखवटाच नसतो. २०१० साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत छाऊचा समावेश केला, तेव्हा या तिन्ही शाखा एकाच नोंदीखाली आल्या. परिचयपर लेखनात छाऊचे वर्णन बहुधा ‘युद्धनृत्य’ या एका शब्दात केले जाते. हे वर्णन चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. कारण ढाल-तलवारीची कवायत हा छाऊच्या घडणीतील एक थर असून, तीन शाखांमधील भेदाचे उत्तर त्या कवायतीत सापडत नाही. ते उत्तर नृत्याचा खर्च कोणी उचलला, ते कोणासमोर सादर झाले आणि कोणत्या भूमीवर नाचले गेले या प्रश्नांपाशी शोधावे लागते.

नावाच्या व्युत्पत्तीवर अभ्यासकांनी बराच खल केला आहे. कोणी हे नाव ‘छाया’ या शब्दाशी जोडतात, कोणी वेषांतर सुचवणाऱ्या ‘छद्म’ शब्दाशी, तर कोणी सैन्याच्या ‘छावणी’शी. पुरुलियातील गावकरी या नृत्याला बहुधा ‘छो’ म्हणतात. या तीन व्युत्पत्तींमागे मुळात तीन मते उभी आहेत, कारण पहिली मुखवट्याला, दुसरी नाट्याला आणि तिसरी युद्धाला महत्त्व देते. ध्वनिसाम्यापलीकडे ठोस आधार कोणत्याही पक्षाला देता आलेला नाही, आणि म्हणूनच नर्तकाच्या शरीरात आजही टिकून असलेला पुरावा अधिक विश्वसनीय ठरतो.

त्या पुराव्याकडे वळण्यापूर्वी या प्रदेशाचा लष्करी इतिहास ध्यानात घेणे आवश्यक आहे. येथील लहान-मोठ्या राज्यांचे संरक्षण खड्या फौजेपेक्षा ‘पाइकां’वर अवलंबून असे. पाइक म्हणजे करमुक्त जमिनीच्या मोबदल्यात गरज पडेल तेव्हा हत्यार उचलणारा शेतकरी-सैनिक. शांततेच्या काळात तो नांगर धरी, आणि अंगातील चपळाई टिकवण्यासाठी गावच्या आखाड्यात ढाल-तलवारीचे हात करी. अठराव्या शतकात या व्यवस्थेची कसोटी लागली आणि तिथे मराठ्यांचा संबंध प्रत्यक्ष येतो. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर ज्या पंचेतच्या डोंगराळ वाटेने बंगालात उतरले, ती वाट आजच्या पुरुलिया परिसरातील आहे. पुढे १७५१ पासून १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत ओडिशा भोसल्यांच्या अंमलाखाली राहिला आणि मयूरभंजच्या राजांना त्यांच्याशी कधी खंडणीचे, कधी संघर्षाचे संबंध ठेवावे लागले. मराठी इतिहासलेखनात ‘बंगालची स्वारी’ म्हणून येणाऱ्या या घटना त्या डोंगरी राज्यांच्या बाजूने पाहिल्या, तर तिथला शेतकरी सशस्त्र का राहिला याचे एक कारण कळते.

१७९३ च्या कायमधारा पद्धतीनंतर जमीनदारांकडील पोलिसी अधिकार काढून घेण्यात आले, पाइकांच्या करमुक्त जमिनींवर गदा आली आणि त्यांच्या शस्त्रविद्येचे प्रयोजनच हळूहळू संपले. याच पट्ट्यातील जंगलमहाल प्रदेशात झालेला १७९८-९९ चा उठाव आणि खुर्द्यातील १८१७ चा पाइक विद्रोह ही या असंतोषाची ठळक रूपे होत. लढाईची गरज संपली तरी आखाडे मात्र बंद पडले नाहीत, आणि शस्त्राची कवायत सणांच्या प्रदर्शनात जिवंत राहिली. छाऊची युद्धमूलक उपपत्ती इथपर्यंत पटण्यासारखी आहे. तथापि तिच्यापुढे एक अडचण उभी राहते. पाइक आखाडे खुर्दा आणि पुरीच्या किनारी भागातही होते आणि आजही आहेत, पण तिथे छाऊ निर्माण झाले नाही. झारखंडात आणि ओडिशात ‘पाइका’ नावाचे शस्त्रनृत्य छाऊहून वेगळे टिकून आहे. केवळ कवायतीतून छाऊ उपजले असते, तर जिथे जिथे पाइक होते तिथे तिथे ते दिसायला हवे होते.

आता शरीराकडे पाहता येईल. सराईकेला आणि मयूरभंज येथील शिक्षणाचा पाया म्हणजे ‘फरीखंडा’. फरी म्हणजे ढाल आणि खंडा म्हणजे तलवार. सराईकेल्यात खरकाई नदीच्या काठी भल्या पहाटे हा सराव करण्याची रीत होती. वार चुकवणे, पवित्रा बदलणे, गुडघ्यात वाकून एकाएकी उसळणे आणि एका पायावर तोल सांभाळून मागे वळणे या क्रियांतून नर्तकाचे कंबरेखालचे शरीर घडते. मयूरभंजात याच अंगाचा ‘रूक-मार’ नाच, म्हणजे अडवा आणि मारा असा नाच, प्रसिद्ध आहे. या पायावर दुसरी पायरी येते ती ‘चाली’ आणि ‘टोपका’ यांची. टोपका म्हणजे शैलीबद्ध पदगती. तिच्यात वाघाची दबकी चाल, बगळ्याचे पाऊल, हरणाची उडी, पाण्याच्या लाटांचे हेलकावे असे निसर्गातून उचललेले नमुने असतात. वाघाची चाल शिकाऱ्याने पाहिलेली आहे, योद्ध्याने नव्हे. म्हणजे या पायरीवरच युद्धाची हद्द ओलांडून अरण्य नृत्यात शिरलेले दिसते.

तिसरी पायरी ‘उफली’ ही छाऊमधील सर्वात विलक्षण गोष्ट आहे, आणि तिच्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही. परंपरा छत्तीस उफली मोजते, आणि त्यांतील पुष्कळ घरकामाच्या क्रिया आहेत: शेण गोळा करणे, ते पाण्यात कालवणे, सडा घालणे, अंगण झाडणे, भांडी घासणे, भात कांडणे व पाखडणे, भांगात सिंदूर भरणे. या साऱ्या क्रिया हातांनी न करता पायांनी दाखवल्या जातात. एका पायावर स्थिर उभा राहिलेला नर्तक दुसऱ्या पायाने जमीन सारवतो, पायाच्या बोटांनी जणू रांगोळी ओढतो, आणि सिंदूर भरण्याच्या उफलीत पाऊल थेट कपाळाच्या उंचीपर्यंत नेतो. भरतनाट्यम् किंवा ओडिसीसारख्या नृत्यांत अर्थ सांगण्याचे काम प्रामुख्याने हस्तमुद्रा आणि डोळे करतात. छाऊमध्ये मुखवट्याने डोळे झाकलेले आणि ढाल-तलवारीने हात गुंतलेले असल्यामुळे, किंवा त्या सरावाची स्मृती हातांत राहिल्यामुळे, अर्थाचा भार पायांवर आला असे मानण्यास जागा आहे. पण त्या पायांनी जो शब्दसंग्रह निवडला तो रणांगणाचा नाही, घरातल्या बाईच्या दिवसभराच्या कष्टाचा आहे, आणि तो शेकडो वर्षे केवळ पुरुष नर्तकांनी जतन केला. ज्या नृत्याच्या व्याकरणात भात पाखडणे वार करण्याच्या बरोबरीने बसते, त्याला निव्वळ युद्धनृत्य म्हणणे त्या नृत्यावर अन्याय करणारे आहे.

तिन्ही शाखांना एकत्र बांधणारा धागा कवायतीपेक्षाही चैत्रपर्वाचा आहे. चैत्र संक्रांतीच्या, म्हणजे एप्रिलच्या मध्याच्या सुमारास शिव आणि शक्ती यांच्या उपासनेचे हे पर्व येते. सराईकेल्यात या काळात निरनिराळ्या जातींतील पुरुष ‘भोक्ता’ म्हणून व्रत घेतात, तेवढ्या दिवसांपुरते यज्ञोपवीत धारण करतात, आणि नदीवरून पवित्र घट मिरवत आणतात. त्यानंतरच नृत्याची रात्र सुरू होते. पुरुलियात हेच पर्व शिवाच्या गाजनाशी, म्हणजे भक्तांच्या खडतर व्रतोत्सवाशी जोडलेले आहे. मराठी वाचकाला या ठिकाणी जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण तिथेही मुखवटा धारण करणारा माणूस त्या रात्रीपुरता देवतेचे सोंग राहत नाही, देवताच होतो. मात्र बोहाड्यात सोंगाच्या दर्शनाला प्राधान्य असते, तर छाऊमध्ये त्या देवतेला झेप घ्यावी लागते, गिरकी मारावी लागते आणि लढावे लागते.

समान पर्व आणि बऱ्याच अंशी समान सराव असूनही तीन रूपे इतकी वेगळी झाली, याचे कारण सराईकेल्यात सर्वात स्पष्ट दिसते. तिथे राजघराण्याने केवळ आश्रय दिला नाही, राजपुत्र स्वतः नाचले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा आदित्यप्रताप सिंहदेव यांचे बंधू विजयप्रताप सिंहदेव यांनी नृत्यरचनांना नवे वळण दिले, आणि लांबलचक आख्यानांऐवजी ‘मयूर’, ‘रात्री’, ‘नाविक’, ‘चंद्रभागा’ यांसारख्या एका भावावर उभ्या असलेल्या छोट्या रचना पुढे आल्या. ‘चंद्रभागे’त सूर्याच्या आसक्तीपासून पळणारी ऋषिकन्या अखेर समुद्राला जवळ करते, कथेचा हा सारा प्रवास संवाद व गीत यांच्याविना, मानेच्या कलण्यातून आणि पावलांच्या वेगातून व्यक्त करावा लागतो. प्रसन्नकुमार महापात्र यांच्यासारख्या मुखवटाकारांनी याच काळात मुखवट्याला ते संयत रूप दिले, ज्यात कमानदार भुवया, अर्धोन्मीलित डोळे आणि एकाच फिकट रंगाचा लेप यापलीकडे काही नसते. चेहऱ्यावर इतके थोडे असल्यामुळे मान झुकली की तोच मुखवटा विषण्ण दिसतो, वर उचलली की उल्हसित. या मुखवट्यातून श्वास घेणे कठीण असल्याने रचना बहुधा सात ते दहा मिनिटांत संपते, आणि तिचा काव्यात्म आटोपशीरपणा काही अंशी या शारीरिक मर्यादेतून आला आहे. १९३८ साली सराईकेल्याचा संघ युरोपच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्याच्याकडे परदेशी रंगमंचाला साजेल अशी छोट्या रचनांची मालिका तयार होती.

मयूरभंजची वाट निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराजा कृष्णचंद्र भंजदेव यांच्या काळात उपेंद्र विश्वाल आणि वनमाली दास या उस्तादांना बाहेरून आणून बारीपदा येथे शिक्षण सुरू झाले, आणि नगरातील उत्तर साही व दक्षिण साही या दोन वस्त्यांमध्ये छाऊची स्पर्धा रुजली. साही म्हणजे मोहल्ला. राजवाड्यासमोर दरवर्षी चैत्रात होणाऱ्या या चुरशीमुळे प्रत्येक साहीला नव्या रचना, मोठे समूह आणि अधिक अवघड झेपा आणाव्या लागत. ‘रंगबाजा’ या वाद्यांच्या आवाहनानंतर ‘चाली’ने प्रवेश, मग ‘नाट’ हा मुख्य भाग, आणि अखेरीस लय चढत जाऊन ‘नाटकी’ हा द्रुत शेवट, अशी रचनेची चढण तिथे पक्की झाली. मुखवटा नसला तरी चेहरा मुखवट्यासारखाच स्थिर ठेवण्याचा संकेत पाळला जातो. राजघराण्याला या नृत्याचे राजकीय मोलही ठाऊक होते. १९१२ च्या जानेवारीत पंचम जॉर्ज यांच्या कलकत्ता भेटीच्या वेळी महाराजा श्रीरामचंद्र भंजदेव यांनी चौसष्ट नर्तकांचे युद्धनृत्य सादर केले. शस्त्रधारी पाइकांना जमिनीवरून हटवणाऱ्या सत्तेसमोर त्याच पाइकांच्या कवायतीचे देखणे प्रदर्शन व्हावे, ही घटना छाऊच्या इतिहासातील मोठी विसंगती आहे, आणि ‘युद्धनृत्य’ हे बिरुद याच सुमारास अधिक ठळक झाले असावे.

पुरुलियाच्या छाऊला असा राजवाडा लाभला नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण बाघमुंडीच्या राजांचा आश्रय त्याला होता. पण ते वाढले आणि टिकले ते गावात. नर्तक मुख्यतः कुर्मी महातो, भूमिज, मुरा अशा शेती आणि मजुरी करणाऱ्या समाजांतले. चैत्रात सुरू होणारा हंगाम ज्येष्ठातील रोहिणीच्या पेरणीपर्यंत चालतो, आणि एका पावसाळी पिकावर जगणाऱ्या कोरडवाहू जिल्ह्यात शेत रिकामे असण्याचा काळ नेमका हाच आहे. उघड्या मैदानावर, चारी बाजूंनी जमलेल्या गर्दीच्या मधोमध, सपाट जमिनीवर रात्रभर हा नाच चालत असल्यामुळे इथे बारीक हालचाल उपयोगाची नाही. म्हणून मुखवटा मोठा, रंग भडक, शिरोभूषण दुरूनही चमकणारे, आणि हालचाल हवेत उसळून गिरकी घेत थेट गुडघ्यांवर आदळणारी. आरंभी झुमूर गीतातून कथेचा परिचय होतो, सर्वप्रथम गणेश येतो, आणि मग महिषासुरमर्दिनी, अभिमन्यूवध किंवा किरातार्जुन अशी ‘पाला’, म्हणजे आख्याने, उलगडतात. दोन माणसांनी मिळून उभा केलेला देवीचा सिंह मैदानात उतरतो, तेव्हा लहान मुले मागे सरकतात आणि म्हातारी माणसे हात जोडतात. नाट्य आणि पूजा यांची सीमारेषा इथे खरोखर पुसट आहे.

या मुखवट्यांचे मुख्य केंद्र म्हणजे अयोध्या डोंगराच्या पायथ्याचे चरिदा गाव. तिथली सूत्रधार समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. मातीचा साचा वाळवून त्यावर राख भुरभुरली जाते, म्हणजे वरचे थर चिकटत नाहीत. मग कागदाचे अनेक थर खळीने चढवून त्यावर मऊ मातीने नाक, भुवया, ओठ यांना उठाव दिला जातो, वरून मातीत भिजवलेले कापड बसवून लाकडी ‘थापी’ने पृष्ठभाग घोटला जातो, आणि उन्हात वाळल्यावर मुखवटा साच्यापासून सोडवून रंग व सजावट होते. २०१८ साली पुरुलियाच्या छाऊ मुखवट्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि मुखवटाकार नेपालचंद्र सूत्रधार यांना २०२४ मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. पर्यटक वाढल्यापासून भिंतीवर लावण्याच्या छोट्या मुखवट्यांनी घराघरांना बारमाही काम दिले आहे. ते स्वागतार्हच आहे, मात्र भिंतीवरच्या मुखवट्याला नर्तकाच्या कपाळाचे माप, श्वासाची वाट आणि उडीतला धक्का यांचा विचार करावा लागत नाही, आणि हे ज्ञान नाचणाऱ्या संघांच्या मागणीवरच टिकून आहे.

पुरुलियाच्या छाऊची देशाला ओळख उशिरा झाली, आणि त्यालाही राजकीय कारण आहे. पुरुलिया ज्याचा भाग होता त्या मानभूम जिल्ह्यातील भाषिक आंदोलनानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो बिहारमधून पश्चिम बंगालमध्ये आला, आणि त्यानंतरच कलकत्त्याच्या लोकसाहित्य अभ्यासकांचे लक्ष या नृत्याकडे वळले. कलकत्ता विद्यापीठाचे आशुतोष भट्टाचार्य यांनी साठच्या दशकात केलेल्या कामामुळे आणि सत्तरच्या दशकातील परदेश दौऱ्यांमुळे चरिद्याचे गंभीरसिंह मुरा यांच्यासारखे नर्तक प्रकाशात आले. मुरा यांना १९८१ साली पद्मश्री मिळाली. सराईकेला आणि मयूरभंज यांच्या बाबतीत हाच काळ उलट दिशेने गेला. सराईकेला संस्थान १९४८ मध्ये आधी ओडिशात आणि काही महिन्यांतच बिहारमध्ये विलीन झाले, मयूरभंज १ जानेवारी १९४९ रोजी ओडिशात आले, आणि राजकोशातून होणारा खर्च थांबताच वस्त्रे, शिक्षक आणि वादक यांचा भार सरकारी अनुदानावर पडला. साठच्या दशकाच्या आरंभी सराईकेल्यात सरकारी छाऊ केंद्र सुरू झाले खरे, पण राजाच्या अंगणातील चुरस अनुदानाच्या अर्जातून निर्माण होत नाही. ज्या शाखेला राजाचा आधार सर्वात कमी, ती पुरुलियाची शाखा आज संघसंख्येने सर्वात विस्तृत आहे, आणि हा योगायोग मानता येत नाही.

छाऊ लोकनृत्य की शास्त्रीय, हा वाद याच पार्श्वभूमीवर वाचायला हवा. संगीत नाटक अकादमीच्या मान्यताप्राप्त आठ शास्त्रीय नृत्यांत छाऊ नाही. केंद्रीय संस्कृती मंत्रालय मात्र शास्त्रीय नृत्यांची गणना करताना त्याचा समावेश करते. टोपका आणि उफली यांचे सुसूत्र व्याकरण पाहिले तर शास्त्राची अट पूर्ण होते. गावच्या पर्वाशी असलेले नाते पाहिले तर ते लोकनृत्यच आहे. या वर्गवारीमुळे शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन आणि महोत्सवातील मानधन ठरत असल्याने वाद निव्वळ तात्त्विक राहत नाही. मात्र ‘शास्त्रीय’ ठरण्याच्या ओढीत पुरुलियाची शाखा तिच्या ग्रामीण रूपासकट मागे पडण्याचा धोका दुर्लक्षिण्याजोगा नाही.

स्त्रियांचा प्रवेश हा गेल्या पन्नास वर्षांतील मोठा बदल आहे. मयूरभंज शैली मुखवट्याविना असल्याने आणि तिचे गुरू दिल्लीसारख्या शहरांत शिकवू लागल्याने तिथे स्त्रिया आधी आल्या. इटलीत जन्मलेल्या आणि ओडिशात स्थायिक झालेल्या इलियाना चितारिस्ती यांचे नाव त्यांत अग्रभागी येते. पुरुलियात मुलींचे स्वतंत्र संघ अलीकडे उभे राहिले आहेत, आणि गुडघ्यांवरची झेप मुलींना जमणार नाही हा जुना आक्षेप त्यांनी मैदानातच खोडून काढला आहे.

छाऊवरील लेखनात सर्वात कमी जागा मिळते ती वादकांना. ढोल, धमसा किंवा नगारा, काठ्यांनी वाजवायचा छोटा चडचडी आणि महुरी किंवा सनई ही वाद्ये वाजवणारे बहुतेक कलावंत मुखी, कालिंदी, घासी, डोम अशा समाजांतले आहेत, ज्यांना त्याच गावांनी दीर्घकाळ अस्पृश्यतेच्या कडेला ठेवले. यांतील अनेक घराणी वाद्ये स्वतः घडवतात. पुरस्कारांच्या यादीत नर्तक आणि राजपुत्र दिसतात, ढोलिया क्वचितच, आणि हा केवळ विस्मरणाचा नव्हे, जातीचाही परिणाम आहे. नृत्याच्या दृष्टीने पाहता ढोलिया हा साथीदार नसून सूत्रधार असतो. पुरुलियात तो मैदानाच्या वाटेपर्यंत जाऊन पात्राला बोलावून आणतो, त्याच्यासमोर वाकून, ओरडून, बोल फेकून त्याला चेतवतो, आणि मुखवट्याआड दम लागलेल्या नर्तकाचा खांदा कसा हलतो हे पाहून लय अर्धे आवर्तन सैल सोडतो किंवा उडीसाठी एकदम आवळतो. महुरी वाजवणारे कमी होत चालले, तशी शहरी मंचावर ध्वनिमुद्रित संगीताची सवय वाढत आहे. त्या संगीतावर नाचणाऱ्या नर्तकाला श्वास कधी घ्यायचा ते आधीच पाठ करून ठेवावे लागते, कारण त्याचा खांदा पाहणारे समोर कोणी उरलेले नसते.